तीनशे मैलांची उसंत

५ फेब्रुवारी २०२६ रोजी न्यू स्टार्ट कराराची मुदत संपली. अमेरिका आणि रशिया यांच्या तैनात अण्वस्त्रांवर प्रत्येकी १५५० ची मर्यादा घालणारा हा शेवटचा करार. माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रानं ही बातमी आतल्या पानावरच्या एका चौकटीत उरकली. साठच्या दशकात शाळेत असलेल्या माझ्या पिढीला हे झोंबतं. अशा करारांचा पाया घालणाऱ्यांतलं एक नाव तर आज कुणी घेतही नाही: डेव्हिड ऑर्म्सबी-गोर, पाचवे लॉर्ड हार्लेक.

जन्म १९१८ चा. वेल्समध्ये हार्लेकजवळ १६१६ साली बांधलेलं वाडवडिलांचं घर, वेल्सच्या वेशीवर ऑस्वेस्ट्रीपाशी मोठी जमीनजायदाद. वडील ब्रिटनचे वसाहतमंत्री, आई सॅलिसबरी घराण्यातली. ईटन, ऑक्सफर्ड, महायुद्धात लष्करी नोकरी, १९५० साली ऑस्वेस्ट्रीतून हुजूर पक्षाचे खासदार. जमीनदाराच्या वारसाची ही ठरलेली वाट. तिथं रेंगाळण्यासारखं फारसं काही नाही. दोन गोष्टी मात्र पुढं कामी आल्या. १९३८ साली अमेरिकी राजदूताचा एक मुलगा लंडनमध्ये भेटला आणि जिवलग मित्र झाला. त्याचं नाव जॉन केनेडी. आणि १९५७ नंतर परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री म्हणून अणुचाचण्या थांबवण्याच्या वाटाघाटींत त्यांनी वर्षानुवर्षं घासाघीस केली.

१९६१ मध्ये ते वॉशिंग्टनला राजदूत झाले. राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींना तेच हवे होते, आणि पंतप्रधान मॅकमिलन यांची सून ही त्यांची सख्खी बहीण. वशिला म्हणावा तर वशिलाच. जन्मानं मिळालेल्या अशा सवलतींबद्दल मला प्रेम नाही. पण ती जागा त्यांनी कशासाठी वापरली, हे पाहायला हवं.

ऑक्टोबर १९६२. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली होती. २१ तारखेला, रविवारी, केनेडींनी या मित्राला बोलावून घेतलं आणि जगाला काही कळण्याआधी सगळे पर्याय त्याच्यापुढं मांडले. हल्ला नको, नाकेबंदी करा, हे त्याचं मत पडलं. २३ तारखेच्या रात्री व्हाइट हाउसमध्ये पुन्हा बसणं झालं. क्युबातून उडणाऱ्या विमानांच्या टप्प्याबाहेर राहावं म्हणून नौदलानं अडवणुकीची रेषा ८०० मैलांवर आखली होती. ऑर्म्सबी-गोर म्हणाले, ती ५०० मैलांवर आणा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना विचार करायला तेवढाच जास्त वेळ मिळेल. केनेडींनी तिथूनच संरक्षणमंत्री मॅकनमारांना फोन लावला. शत्रूलाही माघारीसाठी उसंत द्यावी लागते, हे त्या खोलीत एका पाहुण्यानं सांगितलं आणि यजमानानं ते ऐकलं. मुत्सद्देगिरी यापेक्षा वेगळी नसते.

आपल्याला तेव्हा क्युबा दिसतच नव्हता. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला होता. माझ्या आईनं हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या उतरवून संरक्षण निधीत दिल्या. शाळेतल्या टेबलावरच्या ताटात त्या पडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आमचा ऊर भरून आला. पुढं डिसेंबरात केनेडी आणि मॅकमिलन बहामातल्या नासाऊत भेटले, ऑर्म्सबी-गोर केनेडींच्या सोबत होते. तिथं भारतासाठी १२ कोटी डॉलरच्या तातडीच्या लष्करी मदतीवर एकमत झालं.

या मदतीचा हिशेब मात्र चुकता करायलाच हवा. आपले जवान बर्फात पडलेले असताना ब्रिटनचे मंत्री डंकन सँडिस दिल्लीला आले आणि काश्मीरवर पाकिस्तानशी बोलणी करा म्हणून मागं लागले. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्या सहा फेऱ्या झाल्या, हाती काहीच लागलं नाही. बुडत्याला हात देताना त्याच्या घराच्या वाटणीचा विषय काढणं हा मित्राचा धर्म नव्हे. लंडनच्या त्या वागण्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

याच नासाऊत ब्रिटननं पोलारिस क्षेपणास्त्रं पदरात पाडून घेतली. नि:शस्त्रीकरणासाठी झिजलेला माणूस या सौद्यातही होता, हा डाग आहे. पण त्यानंतरच्या वसंतात चाचणीबंदीचा विषय मरू न देण्यासाठी मॅकमिलन आणि केनेडी यांच्यामध्ये त्यांनीच धावपळ केली. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला. हवेत, पाण्यात, अवकाशात अणुचाचण्या बंद. तीनच दिवसांनी भारतानं सही केली. चाचण्या थांबवा, असं नेहरू १९५४ पासून सांगत होते, हे आज त्यांना उठताबसता नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. नोव्हेंबरात केनेडी गेले आणि ते दशक मधोमध मोडलं.

पुढची वर्षं मी भरभर ओलांडतो. १९६४ मध्ये ते लॉर्ड झाले. १९६७ मध्ये पत्नी सिल्व्हिया मोटार अपघातात गेली. १९६८ मध्ये त्यांच्या नावाची वेल्सची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. १९७२ मध्ये ऱ्होडेशियातल्या पिअर्स आयोगाचे उपाध्यक्ष असताना, बहुसंख्य आफ्रिकी जनतेला गोऱ्या सरकारशी झालेला समझोता अमान्य आहे, असा स्पष्ट निष्कर्ष आयोगानं दिला. २६ जानेवारी १९८५ ला तेही अपघातातच गेले. वेल्समधल्या अंत्यविधीला केनेडींच्या विधवा पत्नी जॅकलिन आणि भाऊ एडवर्ड आले होते.

२०१७ मध्ये वाड्याच्या दुरुस्तीसाठी घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. कुलूपबंद लाल चामडी पेट्यांत जॅकलिनची पत्रं निघाली. तिनं ऑर्म्सबी-गोर यांना लग्नाला दिलेला नकार त्यांत होता. जगभर तेवढंच छापून आलं. ज्या माणसानं अणुयुद्धाच्या तोंडावर तीनशे मैल मागितले, त्याची ओळख नाकारलेला प्रियकर एवढीच उरली. हा अन्याय आहे.

आज राष्ट्राध्यक्ष मध्यरात्री मोबाइलवरून धमक्या देतात आणि राजदूत सकाळी त्यांची री ओढतात. समोरच्याला माघारीची वाट ठेवणं आता दुबळेपणात जमा होतं, आपल्याकडच्या रात्रीच्या चर्चांतसुद्धा. आपण अण्वस्त्रधारी आहोत आणि आपले दोन शेजारीही. तेव्हा सत्तेच्या कानाशी बसून ‘थोडं थांबा’ म्हणणारी माणसं आपल्याला इतर कुणाहून जास्त हवी आहेत. ती घडवायला, नेमायला आणि त्यांचं ऐकायला सरकारांना भाग पाडणं, हे आपलं नागरिकांचं काम आहे.