सहल समुद्राची, मुक्काम कोणाच्या घरी?

सहामाही परीक्षेचे पेपर तपासून होत आले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, या सुट्टीत कुठे जायचे? हल्ली या चर्चेत मोबाईलमधले फोटो सर्वांत पुढे असतात. आमच्या भरे गावातल्या मुली मला ग्रीसच्या बेटांचे फोटो दाखवतात. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र. "मॅडम, इथे राहायला किती पैसे लागत असतील?" पैशांचे राहू द्या, पण त्या फोटोतल्या सँटोरिनी बेटाबद्दल एक गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगते. ते बेट म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीचा उरलेला कडा आहे. ती सुंदर घरे कड्याच्या माथ्यावर आहेत आणि समुद्र खूप खाली. फिरा गावातून जुन्या बंदरावर उतरायला सुमारे ६०० पायऱ्या आहेत. फोटोत समुद्र खिडकीला लागलेला दिसतो. प्रत्यक्षात पाण्यात पाय बुडवायचे तर रोपवे गाठा, नाहीतर गाडी करून बेटाच्या दुसऱ्या बाजूला जा.

ग्रीसला जाणारे आपल्यात किती असतील? पण श्रीवर्धनला जाणारे खूप आहेत, आणि जागा निवडण्याची पद्धत दोघांची एकच: फोटो. राहायचे मात्र आपल्या माणसांना घेऊन असते. त्यात खाली बसता न येणारी दादी असते, तान्हे बाळ असते, फजरला कोमट पाणी लागणारे अब्बा असतात, आणि एक बाई असते जिला वर्षातून तीन-चार दिवसच चूल सुटण्याची शक्यता असते. या शेवटच्या बाईसाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे.

आम्हा मुळशीकरांना बेट पाहायचे तर जंजिरा आहे. पौड, मुळशी धरण, मग ताम्हिणी घाट उतरून निजामपूर, माणगाव. पुढे मोर्बा, म्हसळा करत समुद्र लागतो. सिद्दींचा हा किल्ला चारी बाजूंनी पाण्यात उभा आहे आणि राजपुरी गावातून होडीने तिथे जातात. आत कलालबांगडी तोफ आहे, गोड्या पाण्याचे तलाव आहेत, पडक्या इमारती आहेत. १९४८ पर्यंत जंजिरा हे नवाबांचे संस्थान होते आणि श्रीवर्धन, म्हसळा हे भागही त्याच संस्थानात होते. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली दोन पाने तिथे उभ्या उभ्या समजतात. पण बेटावर मुक्कामाची सोय नाही. किल्ला पाहायचा आणि परत किनाऱ्यावर यायचे. पावसाळ्यात तर होड्याच बंद असतात.

म्हणजे राहायचे किनाऱ्यावर. इथे नकाशा एकदा नीट पाहावा, कारण मधे राजपुरीची खाडी आहे. खाडीच्या उत्तरेला मुरुड आणि त्याच्या वर काशीद. दक्षिणेला दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दिघी ते आगरदांडा अशी गाड्या नेणारी फेरीबोट असल्यामुळे या काठावर राहून त्या काठावरचा जंजिरा पाहता येतो. मुक्काम रोज बदलण्याची गरज नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असताना बॅगा रोज बांधणे-सोडणे हे कामच असते, आणि ते कोणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत सहलीची तयारी म्हणजे गॅसची छोटी शेगडी, पीठ, मसाल्याचा डबा, कांदे आणि मोठे पातेले. कारण एकच: "बाहेरचे हलाल आहे की नाही, कोणाला माहीत." जाहिरातीत 'किचनची सोय आहे' असे वाचले की घरातले पुरुष खूश होतात आणि लगेच बुकिंग करतात. मग होते काय? सगळे वाळूत असतात आणि घरची सून दहा माणसांच्या पोळ्या लाटत असते. घरी निदान तिची भांडी, तिचा ओटा असतो. तिथे परक्या ओट्यावर, परक्या नळाखाली तेच काम. परतल्यावर सगळे म्हणतात, मजा आली. तिला विचारून पाहा.

हलालचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका करत नाही. पण त्याचे उत्तर शेगडी हेच एक नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, राजपुरी या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. पाहुण्यांना जेवणासह ठेवणारे घर मिळते का, हे तिथल्या ओळखीच्यांकडे किंवा मशिदीपाशी चौकशी करून विचारता येते. तिथे तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, कधी सांदण ताटात येते आणि दस्तरखान दुसरे कोणी तरी मांडते. दुसरा मार्ग मासळीचा. माशाला जबिहाचा प्रश्न नाही, त्यामुळे तेल आणि भांडी वेगळी आहेत का एवढे विचारले की पुष्कळ जागा मोकळ्या होतात. तिसरा मार्ग आपल्याला सुचतच नाही, तो म्हणजे शाकाहारी घर. हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे आणि तिथल्या अनेक घरगुती खानावळींत मांसाहार शिजतच नाही. तीन दिवस आमटी-भात, बिरड्याची उसळ, उकडीचे मोदक खाल्ले तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि शंका घ्यायला जागाच उरत नाही. मात्र अशा घरात खोलीत बसून सुके बोंबील भाजायचे नाहीत. ज्यांचे घर, त्यांचा मान.

इथे एक गमतीची गोष्ट. देशावरचे आपण बहुतेक हनफी, तर कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्याकडे खेकडे, तिसऱ्या प्रेमाने वाढतात. हनफी घरात ते खात नाहीत आणि कोळंबीवर तर उलेमांचे दोन मत आहे. असरची अजानही तिथे आपल्यापेक्षा लवकर होते. यात वाद घालण्यासारखे काही नाही, पण फोनवरच "आम्ही फक्त मासे खातो, खेकडे नकोत" असे सांगितले तर घरमालकिणीची मेहनत वाया जात नाही.

ज्यांची मुले आखातात किंवा युरोपात आहेत आणि खरोखरच ग्रीसचा बेत आखत आहेत, त्यांनाही हाच विचार उपयोगी पडेल. तिथे नुसत्या निळ्या घुमटांमागे न जाता रोड्स बेटाचा विचार करावा. १५२२ पासून १९१२ पर्यंत तिथे उस्मानी अंमल होता आणि जुन्या शहरात सुलेमानिया मशीद आजही उभी आहे. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा रोड्स आणि कोस ही बेटे इटलीच्या ताब्यात होती. म्हणून तिथली मुस्लिम कुटुंबे हलली नाहीत.

दुसरा प्रश्न समुद्रापासून किती अंतरावर राहावे याचा. इथे ग्रीसची नक्कल मुळीच करू नये. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो. तिथे हॉटेल पाण्याला खेटून असले तरी पाणी दिवसभर साधारण तिथेच राहते. तिथले लोक विचारतात वाऱ्याचे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा जोराचा वारा वाहतो आणि बेटाची कोणती बाजू आडोशाची हे पाहावे लागते. आपला समुद्र वेगळा आहे. तो सहा तासांत आत येतो आणि पुढच्या सहा तासांत दूर जातो. मुलांना खोलीच्या दारातून थेट पाणी मिळाले की त्यांच्यावर नजर ठेवणे अशक्य होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. पुण्यातल्या किती मोहल्ल्यांत त्या दिवशी चूल पेटली नसेल. शाळेची सहल काढताना आम्ही शिक्षक अजूनही त्या दिवसाची आठवण काढतो.

भरती समजून घेणे अवघड नाही, आणि आपल्या घरांत तर ते सोपे असायला हवे, कारण चांदाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. चांद नवा असताना आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाणाची भरती असते; पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त ओसरते. सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरलेले असते, नंतर ओसरू लागते आणि ओसरताना माणसाला आत ओढते. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी वेळ घरमालकाला किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारावी आणि ते नको म्हणाले तर पाण्यात उतरू नये.

म्हणून माझे मत असे की समुद्रासमोरच्या खोलीपेक्षा वाडीतले घर बरे. कोकणात किनाऱ्याला समांतर नारळी-पोफळीच्या वाड्या असतात. त्यात जांभ्या दगडाचे घर, पुढे पडवी, मागे विहीर. समुद्र पाच-दहा मिनिटे चालत. मुली-सुना पडवीत मोकळेपणाने बसू शकतात. दिवेआगरला शनिवार-रविवारी किनाऱ्यावर घोडागाड्या, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी आणि गोंगाट असतो, तो वाडीत पोहोचत नाही. डास असतात, हे कबूल. मच्छरदाणी विचारून घ्या. अशा घरांत राहण्याचे आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. नव्या माडाला, पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर अशा घराला पाहुण्यांच्या खोलीचाच आधार. राज्य सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंद असलेले घर आहे का, हेही विचारावे. हरिहरेश्वरला राज्याच्या पर्यटन महामंडळाचे स्वतःचे निवासस्थानही आहे.

घरात दुखणेकरी माणूस असेल तर मात्र माझे उत्तर बदलते. मग श्रीवर्धन किंवा मुरुड. दोन्ही तालुक्याची ठिकाणे आहेत. सरकारी दवाखाना, औषधांची दुकाने, बाजार, एसटी स्टँड, मशीद सगळे चालण्याच्या अंतरावर. काशीदची वाळू कितीही पांढरी असली तरी रात्री दोन वाजता ती उपयोगाची नाही.

फोन करताना काय विचारायचे? शक्यतो घरातल्या बाईनेच घरमालकिणीशी बोलावे. दोघी दहा मिनिटांत जे ठरवतात ते पुरुषांना चार फोनांत जमत नाही. दर खोलीचा आहे की माणशी, आणि त्यात दोन्ही वेळचे जेवण धरले आहे का. मुलांचे काय. कमोड आहे का आणि तो खोलीला लागून आहे का. दादी बरोबर असेल तर हा पहिला प्रश्न. पाणी गोडे की मचूळ, कारण समुद्राजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो. वुजूला चालेल, पण चहाला आणि बाळाच्या दुधाला नाही. वीज गेल्यावर पंखा चालतो का. किब्ला विचारायची गरज नाही. या किनाऱ्यावर मावळतीकडे तोंड करून किंचित उत्तरेला कललात की झाले. समुद्र दिसतो का हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा.

एक कडू गोष्टही सांगते. मागच्या वर्षी एका ठिकाणी सगळे बोलणे झाले, दर ठरला, शेवटी नाव विचारले. नाव ऐकल्यावर पलीकडचा आवाज बदलला. "कळवतो," म्हणाले आणि कळवले नाही. तेव्हापासून मी पहिल्याच वाक्यात नाव सांगते. दोघांचा वेळ वाचतो. त्याच दिवशी त्याच गावातल्या एका काकूंनी मात्र नाव ऐकून एवढेच विचारले की रोजे आहेत का, म्हणजे पहाटेच्या जेवणाची सोय करायला. नव्हते. पण आम्ही त्यांच्याकडे राहिलो, आणि माझ्या जाऊबाई तीन दिवस दुपारी झोपल्या. लग्नाला सोळा वर्षे झाली, त्यांना दुपारी झोपलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

नाताळ ते नवे वर्ष या आठवड्यात तिथे गर्दी आणि दर दोन्ही चढतात, तो आठवडा टाळावा. दिवाळीच्या सुट्टीत जायचे तर महिनाभर आधी फोन करावा. सगळे पैसे आधी पाठवू नयेत, थोडी आगाऊ रक्कम पुरते. गाडी नसेल तर एसटी आहेच. महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, तेव्हा दादीचे आधारकार्ड पर्समध्ये असू द्या. परतताना जोहरच्या आधी निघावे. माणगावात जेवण उरकले तरी ताम्हिणीची वळणे उजेडात पार होतात आणि मगरिबपर्यंत पौड येते.