कोयासानचा ‘अ’

खालच्या स्टेशनाचं नाव गोकुराकुबाशी. गोकुराकु म्हणजे सुखावती, बाशी म्हणजे पूल. तिथून सुटलेली केबल कार उभ्या चढणीनं पाचच मिनिटांत मला डोंगरमाथ्यावर आणून सोडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवरचं हे जपानमधलं कोयासान. नोव्हेंबरातली दुपार कललीय, बोटं गारठलीयत. ८१६ साली सम्राट सागानं हा डोंगर कुकाई या भिक्षूंना साधनेसाठी दिला. आज इथं शंभराहून जास्त मंदिरं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेकांत वाटसरूला रात्रीचा मुक्काम मिळतो. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात.

दारात बूट काढते. मोज्यांतूनही पडवीची लाकडी जमीन बर्फासारखी लागते. मुंडण केलेला एक तरुण भिक्षू पुढे चालतो, मागे मी. सरकतं दार, तातामी चटयांचा वाळल्या गवताचा वास, रॉकेलचा स्टोव्ह, बुटकं टेबल. कोनाड्यात एक लांबट चित्र टांगलंय: कमळ, त्यावर पांढरं चंद्रबिंब, बिंबात एकच अक्षर. मोडी वाचताना होतं तसं होतं. आधी नुसतं वळण दिसतं, मग एकदम अक्षर उमटतं.

“अ,” मी मोठ्यानं म्हणते.

भिक्षू थबकतो. “आ,” तो म्हणतो. मग माझ्याकडे बघत, “इंदो?”

मी मान हलवते.

“तेनजिकु,” तो हळूच म्हणतो. भारताचं हे जुनं जपानी नाव. आणि त्या अक्षराकडे वळून कमरेत वाकतो.

लिपी सिद्धम, ब्राह्मीच्या कुळातली. कुकाई ८०४ साली समुद्रमार्गे चीनला गेले, चांगआनला प्रज्ञ नावाच्या, भारतात शिकून आलेल्या आचार्यांकडे संस्कृत शिकले आणि ८०६ साली ही विद्या घेऊन परतले. आपल्याकडे सिद्धम केव्हाच मागे पडली. इथं तिच्या एका अक्षरासमोर बसून ध्यान करतात. हा ‘अ’ अनुत्पादातला, ज्याला जन्म नाही त्याचा. मुळाक्षरं गिरवताना ज्या अक्षरापासून सुरुवात केली, त्याच्यापुढे आपण कधी असे बसलो नाही, याची मला खंत वाटते.

साडेपाचलाच जेवण येतं, लाखेच्या तांबड्या चौरंगांवर. गोमादोफू नावाला तोफू, पण त्यात सोयाबीन नाही. तीळ वाटून त्यांचं दूध कुडझूच्या कंदाच्या सत्वात घोटत शिजवायचं आणि थंड करून वड्या पाडायच्या. काडीनं उचलताना वडी खरवसासारखी थरथरते, जिभेवर ठेवली की विरते, आणि मागून वासाबीचा झणका नाकात जातो. शेजारी रस्सा पिऊन टम्म फुगलेलं कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेलं तोफू. भोपळ्याचा तेंपुरा. मांसमासे नाहीत, कांदालसूण नाही. रश्शालासुद्धा कोंबू हे समुद्रशेवाळ आणि सुकी अळंबी. आजीचं चातुर्मासातलं ताट समोर येतं. तिच्याही हाताला लसणाशिवाय अशीच चव होती.

जेवून ओकुनोइन या समाधिस्थळाच्या वाटेला लागते. दोन किलोमीटर, दोन्हीकडे सुगी या जपानी देवदारांचे प्रचंड बुंधे आणि त्यांच्या पायाशी दोन लाखांवर समाध्या. दगडी कंदिलांचा उजेड पुरत नाही म्हणून टॉर्च लावते. शेवाळलेले पाच दगड एकावर एक: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. काहींवर अक्षरं कोरलीयत. सगळ्यांत खालच्या, पृथ्वीच्या दगडावर पुन्हा तोच ‘अ’. वाटेच्या टोकाला कुकाई ८३५ सालापासून समाधीत बसलेत, अशी इथली श्रद्धा. त्यांना अजूनही रोज दोनदा जेवण नेतात. या अंधारात उभं राहिल्यावर मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

पहाटे सहाला सभामंडपात जाते. दाराशी लाकडी पट्ट्या आणि ब्रश ठेवलेत. पट्टीवर मागणं लिहायचं, ती अग्नीत जाते. मी आईचं नाव देवनागरीत लिहिते. पट्ट्या गोळा करणारा कालचाच भिक्षू माझ्या पट्टीपाशी थांबतो, शाईला न शिवता शिरोरेषेवरून बोट फिरवतो आणि ती इतर पट्ट्यांत ठेवतो.

या विधीला गोमा म्हणतात. गोमा म्हणजे होम. आचार्य कुंडापुढे बसतात, ढोल घुमू लागतो, ज्वाळा त्यांच्या कपाळाच्या वर उसळतात. मंत्रांतलं मला काही कळत नाही. मग ते पळीनं तेल सोडतात आणि एक शब्द तेवढा कानात अडकतो: “सोवाका.” पुन्हा पळी, पुन्हा “सोवाका.” तिसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. स्वाहा. चौथ्या पळीला मीही ओठांतल्या ओठांत म्हणते.

आता पट्ट्यांची पाळी. आचार्य मूठभर उचलतात. धुरामुळे मला आईचं नाव दिसत नाही. ढोल वाढत जातो आणि तेलानं भिजलेलं लाकूड तडतडत पेट घेतं.