'इकिगाई'ची संकल्पना आणि दैनंदिन जीवनाची सार्थकता : मिएको कामिया यांच्या विचारांच्या संदर्भात

प्रस्तावना

दैनंदिन जीवनातील लहानसहान क्षणांत आनंद शोधावा, हा विचार आपणांस नवा नाही. अलीकडे मात्र तो 'इकिगाई' या जपानी शब्दाच्या आधारे नव्याने मांडला जातो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांतून यासाठी एकमेकांना छेदणारी चार वर्तुळे दाखविली जातात. जे आवडते, जे उत्तम जमते, ज्याची जगाला गरज आहे आणि ज्यातून अर्थप्राप्ती होते, या चारही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे इकिगाई असते, असे त्यात सांगितलेले असते. वस्तुतः ही आकृती जपानी परंपरेतील नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाने ती 'जीवनप्रयोजन' या कल्पनेसाठी तयार केली होती. पुढे २०१४ मध्ये मार्क विन यांनी तिच्या मध्यभागी 'इकिगाई' हा शब्द घातला.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. ही आकृती प्रमाण मानल्यास ज्याला नोकरी नाही, जो दीर्घकाळ आजारी आहे किंवा वृद्धापकाळामुळे ज्याचे काम सुटले आहे, त्याच्या जीवनाला अर्थच उरत नाही. जपानी मनोविकारतज्ज्ञ मिएको कामिया (१९१४–१९७९) यांचे चिंतन नेमके अशाच माणसांपासून सुरू होते. त्या चिंतनाचा परिचय करून देणे आणि त्याची मर्यादाही तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्द आणि अर्थ

'इकी' म्हणजे जगणे आणि 'गाई' म्हणजे मोल किंवा सार्थकता. 'गाई' हे पद जपानी भाषेत इतर क्रियांनाही जोडले जाते. 'हाताराकिगाई' म्हणजे काम केल्याचे सार्थक, तर 'यारिगाई' म्हणजे एखादी गोष्ट केल्याचे समाधान. यावरून हा शब्द तत्त्वज्ञांच्या परिभाषेतील नसून रोजच्या बोलण्यातील आहे, हे लक्षात येते. नातवंड, अंगणातील झाड, सकाळचा चहा यांपैकी काहीही एखाद्याची इकिगाई असू शकते.

कामिया यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इकिगाई नि त्सुइते' (इकिगाईविषयी) या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद केला आहे. ज्या गोष्टीमुळे जगावेसे वाटते ती गोष्ट वेगळी आणि जगण्यात अर्थ आहे ही अंतरीची जाणीव वेगळी. पहिली इकिगाई, तर दुसरी 'इकिगाई-कान', म्हणजेच इकिगाईची भावना. गोष्ट हिरावली गेली तरी ही जाणीव दुसऱ्या आधाराने पुन्हा जागी होऊ शकते काय, हा त्यांच्या चिंतनाचा गाभा होय.

नागाशिमा येथील अनुभव

कामिया यांनी तरुणपणी एका कुष्ठरुग्णालयाला भेट दिली आणि तेव्हाच डॉक्टर होऊन या रुग्णांची सेवा करण्याची इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली. पुढे त्यांना स्वतःला क्षयरोग झाला. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या आत्मचिंतनपर ग्रंथाचे जपानी भाषांतरही त्यांनी केले. १९५७ पासून त्यांनी ओकायामा प्रांतातील नागाशिमा बेटावरील 'आइसेइएन' या राष्ट्रीय कुष्ठरुग्णालयात मानसशास्त्रीय अभ्यास सुरू केला.

तेथील रुग्णांचे जीवन समजून घेतल्याशिवाय या अभ्यासाचे मोल कळणार नाही. हे रुग्णालय १९३० मध्ये स्थापन झाले. १९३१ च्या कायद्याने रुग्णांचे सक्तीने विलगीकरण करता येऊ लागले. बेटावर येताच रुग्णाजवळचे पैसे काढून घेऊन त्याबदल्यात केवळ तेथेच चालणारे चलन दिले जाई. कुटुंबाला कलंक लागू नये म्हणून अनेकांनी आपले नावही टाकले. थोडक्यात, घर, व्यवसाय, नाव आणि भविष्य या सर्वांपासून ही माणसे तुटलेली होती.

कामिया यांच्या प्रश्नावलीला उत्तर देताना अनेकांनी आपले दिवस निरर्थक असल्याचे लिहिले. तथापि त्याच परिस्थितीत, कधी अधिक विकलांग असूनही, काहींना जगण्यात परिपूर्णता वाटत होती. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नातून त्यांचा ग्रंथ आकारास आला.

या प्रश्नाची पार्श्वभूमी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आइसेइएनमधील दृष्टिहीन रुग्णांनी १९५३ मध्ये 'आओई तोरी' (निळा पक्षी) हे हार्मोनिका वादकांचे पथक स्थापन केले. रोगामुळे बोटांची संवेदना नष्ट झाली असल्याने ब्रेल लिपी हाताने वाचणे अशक्य होते. त्यामुळे काही रुग्ण ब्रेलचे ठिपके जिभेने वाचण्यास शिकले. एखादी ओळ वाचता येणे, एक सूर जुळणे, एवढाच तो आनंद. परंतु तो परिश्रमाने मिळविलेला होता.

कामिया यांनी इकिगाईच्या मुळाशी असलेल्या सात गरजा सांगितल्या आहेत : जगण्याची भरीव जाणीव, बदल आणि वाढ, भविष्य, इतरांचा प्रतिसाद, स्वातंत्र्य, आत्माविष्कार आणि अर्थ व मूल्य. त्यांच्या आधारे वरील उदाहरण पाहता असे दिसते, की लहान क्षण लहान असल्यामुळे मोलाचा ठरत नाही. उद्याच्या सरावाची वाट पाहणे म्हणजे भविष्य, सोबत्याने सूर धरणे म्हणजे प्रतिसाद, कालच्यापेक्षा आज चांगले वाजविणे म्हणजे वाढ. मोठ्या गरजा छोट्या कृतीतून भागतात, म्हणूनच ती कृती अर्थपूर्ण होते.

एक आक्षेप

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. महायुद्धानंतर प्रोमिन हे औषध उपलब्ध होऊन कुष्ठरोग बरा होऊ लागला होता. तरीही १९५३ च्या नव्या कायद्याने विलगीकरण कायम ठेवले. कामिया यांनी रुग्णांच्या अंतरंगाचा सखोल वेध घेतला, परंतु त्यांना कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला पुरेसा जाब विचारला नाही, अशी टीका पुढे जपानमध्ये झाली. ही टीका गांभीर्याने घ्यावी लागते. लहान आनंदांची शिकवण अन्याय सहन करण्याचे साधन बनू शकते.

रुग्णांनी मात्र आनंद आणि संघर्ष यांत विरोध मानला नाही. याच बेटावर १९३६ मध्ये रुग्णांनी हक्कांसाठी संप केला होता. १९५१ मध्ये रुग्णांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९८८ मध्ये बेट पुलाने मुख्य भूमीशी जोडले गेले, १९९६ मध्ये कायदा रद्द झाला आणि २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने विलगीकरणाचे धोरण घटनाबाह्य ठरविले. आपल्या जगण्याला मोल आहे, अशी जाणीव ज्याच्या ठायी असते, तोच त्या मोलाच्या अवहेलनेविरुद्ध उभा राहू शकतो, असे या इतिहासावरून म्हणता येते.

समारोप

सारांश, इकिगाई म्हणजे यशस्वी व्यवसायाचे सूत्र नव्हे आणि परिस्थितीशी निमूट तडजोडही नव्हे. अध्यापक म्हणून आपल्यासमोर नोकरीच्या चिंतेने ग्रासलेले विद्यार्थी बसलेले असतात. त्यांना चार वर्तुळे भरावयास सांगितल्यास चौथे रिकामे राहिल्याची खंतच त्यांच्या वाट्याला येण्याचा संभव अधिक. त्याऐवजी, आज कोणत्या गोष्टीमुळे दिवस जगल्यासारखा वाटला आणि त्यात कोणाचा प्रतिसाद मिळाला, असे विचारणे कामिया यांच्या विचाराला अधिक धरून होईल. अर्थात, या प्रश्नाबरोबर त्यांच्या संधी कोणी व का अडविल्या, हा दुसरा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे.