रस्त्याकडेच्या घरात मांजर आणताना

मागच्या बैठकीत हिशेब संपल्यावर आमच्या गटातल्या एका वहिनींनी एक प्रश्न विचारला. त्यांचं घर मुंबई-गोवा महामार्गाला लागून. मागच्या पावसाळ्यात त्यांची मांजरी रात्री बाहेर गेली, ती सकाळी रस्त्यावरच सापडली. मुलगी चार दिवस धड जेवली नाही. आता बाजारात कुणीतरी गोणीत बांधून टाकलेली एक भाटी शेजारच्या वाडीतल्या काकूंनी सोडवून आणली आहे. मुलगी म्हणते, तिला आपल्याकडे आणूया. वहिनी म्हणाल्या, "परत तसंच झालं तर पोरीला काय सांगू?"

प्रश्न खरा होता. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोललो, आपसातही बोललो. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, मांजर कोणतं आणायचं? सगळ्यांना लहान पिल्लू हवं असतं. पण पिल्लू उडत्या पानामागेही धावतं. रस्त्याकडेच्या घराला मोठं, शांत, माणसांची सवय असलेलं मांजर बरं. जे हात लावू देत नाही, रानातच वाढलंय, ते कोंडून राहणार नाही. त्याला वाडीच्या आतल्या बाजूचं घर शोधावं.

दुसरी गोष्ट, पहिला महिना. नवीन आणलेलं मांजर जुन्या जागेकडे परत जायला बघतं, आणि तेव्हाच ते रस्त्यावर येतं. म्हणून तीन-चार आठवडे त्याला एकाच खोलीत ठेवायचं. कौलारू घरात भिंत आणि छपरामधली फट आधी बुजवा. खिडकीला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली तरी चालते. एका घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती ठेवा. ती रोज साफ करा, पण घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. मांजराच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

महिन्यानंतर सोडायचं ते मागच्या दारानं, परसात, आणि जेवणाच्या थोडं आधी. भूक लागलेली असली की वाटीचा आवाज ऐकून ते परत येतं. पुढचं दार त्याच्या सवयीचं होऊच देऊ नका.

तिसरी गोष्ट, रात्र. अंधारात मांजराला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण गाडीच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला की ते जागीच थबकतं. म्हणून मुख्य जेवण दिवेलागणीला द्या आणि जेवल्यावर दार लावा. सकाळी उजाडल्यावरच सोडा. रोज तीच वेळ ठेवली की दिवे लागले की मांजर आपणहून घरी येतं. जेवणात शिजवलेली मासळी काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्यावी, किंवा उकडलेलं अंडं. नुसत्या दूध-भातावर मांजराचं पोषण होत नाही, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

चौथी गोष्ट, नसबंदी. बोका माजावरच्या भाटीच्या शोधात लांब लांब जातो, भाटीही घर सोडून फिरते. नसबंदी झाली की हे भटकणं कमी होतं. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात ती करता येते. भाटी दोन महिन्यांत विते, वर्षातून एकाहून जास्त वेळा. त्यातली पिल्लंच पुढे गोणीत बांधून टाकली जातात, हे आपल्याला माहीत आहे. शस्त्रक्रिया कुठे होते, ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

तिथेच रेबीजची लसही द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

आणि एवढं करूनही धक्का लागलाच तर? मांजर जाड कपड्यात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि दवाखान्यात न्या. दुखतंय म्हणून आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, कधीही देऊ नका. मांजराला ती विषासारखी आहे. घरात उंदराचं औषधही टाकू नका. ते खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजरही दगावू शकतं.

मैत्रिणींनो, हे सगळं केलं तरी मांजर रस्त्यावर जाणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. धोका मात्र पुष्कळ कमी होतो. ज्यांच्या घरी रात्री दार लावून ठेवणं जमणार नाही, त्यांनी सरळ नाही म्हणावं. त्यात काही वाईट नाही. त्या मांजराला आतल्या वाडीत घर बघून देणं, हीसुद्धा मदतच.

वहिनींनी भाटी आणली आहे. सध्या ती माजघराशेजारच्या खोलीत आहे, तिसरा आठवडा चालू आहे. रोज दिवेलागणीला मुलगी वाटी वाजवते. मागचं दार कधी उघडायचं, ते तिनेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवलंय.