मलकवालची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव कोणावरून पडले असे विचारले, तर 'कोणा इंग्रज डॉक्टरावरून' हे उत्तर हमखास मिळते. वस्तुतः वाल्देमार हाफकिन हे इंग्रज नव्हते आणि वैद्यकाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ मेच्निकोव्ह ह्यांच्यापाशी प्राणिशास्त्र शिकून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासास लागले होते; पुढे हिंदुस्थानात आल्यावर येथील सरकारी वैद्यकखात्यातील अंमलदारांना हा उपरा खुपत असे, तो बव्हंशी ह्याच कारणाने.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, ही कथा वृत्तपत्रांनी पुढे इतकी रंगविली की तो एखाद्या साहसी वृत्तीच्या माणसाचा क्षणिक आवेश वाटावा. त्यामागे ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्याच लवाजम्यावर, सुमारे तीन महिने चाललेले काम होते. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले असता प्लेगचे जंतू त्या थेंबांना लोंबत वाढतात हे त्यांनी पाहिले आणि ती वाढ उष्णतेने मारून लस सिद्ध केली. आपल्या घरातले तूप प्रयोगशाळेत असे कामी आले, ही गोष्ट मला त्या साहसाहून अधिक मनोरम वाटते.

पुण्यात प्लेग-अधिकारी रँडसाहेबाच्या कारकिर्दीत लोक खवळले ते लशीच्या सक्तीमुळे, असाही एक समज आहे. तो संताप मुख्यतः घरझडत्यांचा व सक्तीच्या विलगीकरणाचा होता.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र हाफकिनांच्या लशीने माणसे मेली, हा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्या एकोणीसही जणांना टोचलेली लस ५३-एन ह्या एकाच बाटलीतील होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. तरीही मुकर्रर झालेल्या चौकशी आयोगाने ठपका हाफकिनांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेवर विसंबण्याची पद्धत दोषास्पद ठरविली आणि हाफकिनांचे संचालकपद गेले. मलकवाल येथे बाटली उघडताना तिथल्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही हकीगत कागदोपत्री असूनही तिचे वजन कोणी ओळखले नाही. अखेर १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी 'द टाइम्स'मधून जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकारदरबारी हालचाल झाली. त्या वेळी ह्या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रायफस-प्रकरणाशी करण्यात आली. हाफकिन आणि ड्रायफस दोघेही ज्यू होते, एवढ्यापुरतीच ती नव्हती; दोघांवरही ठपका अन्यायाने आला होता.

निर्दोष ठरूनही मुंबईची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्यास रुजू झाले व पुढे निवृत्त होऊन युरोपास निघून गेले. परळच्या संस्थेस त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. तेव्हा ते हयात होते, पण हिंदुस्थानात नव्हते.