मडकं कच्चं आहे, हे सांगणारं कुणी हवं

तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांची डोकी थापटली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग औंढा नागनाथचा. दुखावलेले नामदेव तिथं आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव, असं त्यांनी सांगितलं. नामदेव पाय ठेवायला जातील तिथं पिंडच! प्रवचन झालं नाही, तरी धडा मिळाला.

गुंतवणूकदाराच्या पैशाविना, एकट्यानं किंवा दोघा-तिघांत सॉफ्टवेअर करून विकणाऱ्यांचे मेळावे अशाच कामाचे असतात. आधी थापटून घ्यायचं, मग उमगून घ्यायचं.

गुंतवणूकदाराविना उभं राहण्याची ही वाट मराठी माणसाला नवी नाही. कैलास काटकरांचं पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं तिथं दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला, तोच ‘क्विक हील’. बाहेरचं मोठं भांडवल आलं ते थेट २०१० मध्ये. अडलेला ग्राहक समोर उभा असायचा, हे त्यांचं खरं भांडवल. आज खोलीत बसून कोड लिहिणाऱ्याला तो ग्राहक दिसतच नाही; ती उणीव मेळावा थोडी भरून काढतो. लंडनमध्ये सॉल क्लाइन यांनी २००७ मध्ये ‘ओपन कॉफी क्लब’ सुरू केला, तो उद्योजक, डेव्हलपर आणि गुंतवणूकदारांना एका टेबलाशी बसवायला. पुढच्याच वर्षी पुण्यातही त्याची शाखा निघाली.

अशा बैठकीत नेमकं होतं काय? समजा, औंढ्याच्या एका तरुणानं हिंगोलीच्या हळद बाजारातल्या आडत्यांसाठी ॲप केलंय. तोलाई, हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघते. तो पाच मिनिटं ते दाखवतो. मग शेजारचा म्हणतो, ‘‘दादा, फोन माझ्याकडं दे, आणि काही सांगू नको.’’ त्याचं बोट तिसऱ्याच पडद्यावर अडतं. ‘जतन करा’ हे बटण कीबोर्डखाली दडलेलं. तक्रार करण्याची तसदी न घेता दहा आडते इथूनच परत गेले असतील.

दुसरा प्रश्न दराचा. हा तरुण महिन्याला पैसे मागतो. पण हळदीची आवक उन्हाळ्यात जोरात, नंतर मंदावते. रिकाम्या महिन्यात आडत्या पैसे का देईल? कापसाच्या जिनिंगला सॉफ्टवेअर विकणारा कुणी सांगतो, ‘‘हंगामात, हातात पैसा खेळत असताना वर्षाचे एकदम घे.’’ मग करांचा विषय निघतो: सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढं गेली की सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते, सॉफ्टवेअरवर अठरा टक्के कर बसतो. तो दरात धरलाय का?

औंढ्याहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. प्रत्येक वेळी तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. छत्रपती संभाजीनगरात ‘मॅजिक’सारखी नवउद्योगांना हात देणारी संस्था आहे, नांदेड त्याहून जवळ. नाहीच जमलं, तर परभणी-हिंगोलीतले चौघं महिन्यातून एकदा चहाला बसले तरी पुरे. अट एकच: प्रत्येकानं चालू स्थितीतलं काम आणायचं आणि आजवर किती जणांनी पैसे मोजले, तो आकडा खरा सांगायचा.

बैठकीला जाताना एकच अडलेला प्रश्न न्यावा. परतल्यावर आठवड्यात एक तरी बदल करून, ज्यानं चूक दाखवली त्याला फोन करावा. पुढच्या वेळी तो आणखी खोलात शिरून सांगेल. ‘‘भारी केलंस रे’’ म्हणणारे गावातही भेटतात. तिकिटाचे पैसे मोजायचे ते ‘हे कुणी विकत घेणार नाही’ असं कारणासकट सांगणाऱ्यासाठी.