रात्रीसाठी बॅटरी राखून ठेवा

रात्री वीज गेलेली, सुनेला कळा सुरू झालेल्या आणि १०८ ला फोन लावायचा तर मोबाइल बंद! अशी वेळ येऊ नये म्हणून संध्याकाळीच काळजी घ्या. सगळ्यात जास्त बॅटरी खातो तो स्क्रीनचा उजेड. तो कमी करा. काम झालं की नेट, लोकेशन, हॉटस्पॉट बंद करा. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी उतरते. म्हणून रेंज येते तिथेच फोन ठेवा. २० टक्के उरले की बॅटरी सेव्हर लावा. चुलीजवळ, उन्हात, उशीखाली चार्जिंग नकोच. उष्णतेनं बॅटरी कायमची कमजोर होते. दिवसा वीज असताना फोन चार्ज करून ठेवा. दिवा लावताना एकदा फोनची बॅटरीही बघायची, एवढी सवय लावून घ्या.